दुसऱ्या रकान्यातलं हाव

अधिकारी : आणि या ओळीत शेवटचा शब्द काय आहे? वाचा.

मंजुश्री : हाव.

अधिकारी : अक्षर लागतंय मला. शब्द काय आहे ते विचारतोय.

मंजुश्री : शब्दच हाव आहे, सर.

अधिकारी : पूर्ण नोंद वाचा. चौकशीच्या कागदावर घ्यायची आहे.

मंजुश्री : "दुपारी चार वाजून दहा मिनिटं. गोपाल, वय अठ्ठावीस. तुरीच्या तुराट्या उचलताना उजव्या हाताला लाल विंचू चावला. दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या. प्राझोसिन गोळीसाठी डॉक्टर राजकुमार यांना फोन केला. डॉक्टर : हाव. गोळी दिली. गाडीला फोन केला."

अधिकारी : "डॉक्टर, हाव." नेमक्या याच दोन शब्दांवर तुमच्या डॉक्टरांची तक्रार आहे. सरकारी नोंदवहीत त्यांच्यावर लोभाचा ठपका ठेवला गेला, असं त्यांनी कळवलंय.

मंजुश्री : हाव म्हणजे हो, सर.

अधिकारी : शब्दकोशात हाव म्हणजे लोभ.

मंजुश्री : शब्दकोशाची बदली इथे मोताळ्याला झालेली नाही अजून.

अधिकारी : हे उत्तर नोंदवू?

मंजुश्री : नको.

चांगुणाबाई : साहेब, मी बोलू का? सकाळपासून बसून राह्यली.

अधिकारी : आपण कोण?

चांगुणाबाई : ज्याले इच्चू डसला त्या गोपालची माय. चांगुणा. तुमच्याच शिपायानं बलावलं मले, साक्षीले.

अधिकारी : बसा. तुमची पाळी येईल. मॅडम, तुमचं पद?

मंजुश्री : या उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी. बीएस्सी नर्सिंग, वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण.

अधिकारी : कायम?

मंजुश्री : कंत्राटी. करार या महिनाअखेर संपतो. पुढचा आदेश या चौकशीवर अडकलाय.

अधिकारी : त्याची मला कल्पना आहे. हा तक्ता ओळखता?

मंजुश्री : माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तीन रकाने. पहिल्यातली औषधं मी स्वतः द्यायची. दुसऱ्यातली डॉक्टरांचा होकार घेऊन. तिसऱ्यातल्यांकडे बघायचं नाही.

अधिकारी : प्राझोसिन कोणत्या रकान्यात?

मंजुश्री : दुसऱ्या.

अधिकारी : म्हणजे होकाराशिवाय ती तुमच्या कक्षेत नाही. आणि डॉक्टर लेखी म्हणतात, "मी आयुष्यात कधीही हाव असा शब्द उच्चारलेला नाही. मी पुण्याचा आहे."

चांगुणाबाई : पुण्याचा आहे तर इथं दोन वर्सं काय करून राह्यला? लोक त्याच्यापुढं बसून हाव हावच करतात. थेच समजत नाही, तर पोट कुठी दुखते थे कसं समजते त्याले?

अधिकारी : बाई, साक्ष विचारल्यावर द्यायची असते.

चांगुणाबाई : मंग विचारा ना.

अधिकारी : ठीक आहे. चार वाजता काय झालं ते थोडक्यात सांगा.

चांगुणाबाई : चारले नाही. डसला अडीचले. मी आधी उकंडरावकडं नेला त्याले.

अधिकारी : हे उकंडराव कोण?

चांगुणाबाई : इच्चू उतरवते. त्यानं मंतर म्हणला, राख लावली, बोटं मोडली. मंग म्हणे, उतरला. पोट्टा तं गार पडून राह्यला होता. कपडे पिळले असते तर बादली भरली असती. मंग आणला इथं, मंजूताईकडं.

अधिकारी : म्हणजे दीड तास गेला.

चांगुणाबाई : गेला ना. त्या उकंडरावचा रकाना कोणता, साहेब?

अधिकारी : त्यांचा रकाना नाही. ते शासकीय सेवेत नाहीत.

चांगुणाबाई : म्हणजे ज्याले काहीच येत नाही, त्याले सगळं करता येते.

मंजुश्री : आणि चौकातल्या मेडिकलवाल्याला, काकू. तो चिठ्ठीसुद्धा मागत नाही.

अधिकारी : मॅडम, विषय भरकटवू नका. बाई, फोन लावला तेव्हा तुम्ही कुठे होता?

चांगुणाबाई : इथंच. पोट्ट्याचं डोकं मांडीवर घेऊन. फोन टेबलावर होता, स्पीकर का काय म्हणते थे चालू करून.

अधिकारी : आता नीट आठवून सांगा. मॅडमनी विचारल्यावर "हाव" हा शब्द तुम्हाला ऐकू आला?

चांगुणाबाई : आला ना. चांगला साफ आला.

अधिकारी : हाव? की हो? की नुसतं हां?

चांगुणाबाई : हाव.

अधिकारी : पण पुण्याचा माणूस हाव म्हणणार नाही. फार तर हो म्हणेल. मग मॅडमनी त्या हो-चं हाव केलं असं धरलं, तर ते भाषांतर झालं. आणि भाषांतर तिन्ही रकान्यांत नाही.

मंजुश्री : सर, एक विचारू? होकार नसता, तर मी काय करायला हवं होतं?

अधिकारी : रुग्णाला पुढे पाठवणं.

मंजुश्री : रुग्णवाहिकेला पाऊण तास लागला. चिखलीच्या फेरीवर होती, त्यांचा दोष नाही. तेवढा वेळ गोळी कपाटात आणि गोपाल जमिनीवर?

अधिकारी : नियमानुसार, हो.

चांगुणाबाई : हो का हाव?

अधिकारी : काय?

चांगुणाबाई : काही नाही. मले एवढं सांगा, चार वाजता डॉक्टर कुठी होता? त्याचा सरकारी दवाखाना पाचवरी उघडा असते, पाटीवर लिहिलं हाय.

अधिकारी : तो प्रश्न माझ्या चौकशीच्या कक्षेत येत नाही.

चांगुणाबाई : तुमाले पण रकाने हायेत म्हणा.

मंजुश्री : सर, साधा उपाय आहे. कंपनीकडून त्या कॉलची नोंद मागवा. फोन लागला की नाही, किती सेकंद चालला, सगळं कळेल. त्या वेळी डॉक्टरांचा मोबाइल कोणत्या टॉवरवर होता, म्हणजे ते स्वतः कुठे होते, तेही येतं म्हणे त्यात.

अधिकारी : टॉवर?

मंजुश्री : हो. मी अर्ज लिहून आणलाय. तुमच्या सहीची जागा सोडलीय.

अधिकारी : हे... हे तक्रारदारांच्या कानावर घालावं लागेल. थांबा दोघी. मी फोन करून येतो.

(अधिकारी मोबाइल घेऊन बाहेरच्या ओट्यावर जातात.)

चांगुणाबाई : रंगच उतरला गड्याचा. टॉवर म्हणलं का काय होते यायले?

मंजुश्री : काकू, आता कोणी नाही. खरं सांगा. तुम्ही डॉक्टरांचा आवाज ऐकला?

चांगुणाबाई : डॉक्टरचा? नाही माय.

मंजुश्री : आताच तर सांगितलं, साफ ऐकू आला म्हणून.

चांगुणाबाई : साफच आला. त्यानं इचारलं, हाव ऐकू आला का? कोणाचा, असं कुठी इचारलं?

मंजुश्री : मग कोणाचा?

चांगुणाबाई : तू म्हणली, "सर, देऊ का गोळी?" फोनमधून टुक टुक झालं अन् फोन मेला. तू पोट्ट्याची नाडी पाहून राह्यली होती, तुयं ध्यान नव्हतं. दुसऱ्यांदा म्हणली, "देऊ का?" मंग मीच म्हणलं.

मंजुश्री : काय म्हणालात?

चांगुणाबाई : हाव.

मंजुश्री : ते हाव तुमचं होतं?

चांगुणाबाई : मंग कोणाचं? पोट्टा माया होता.

मंजुश्री : मी ते डॉक्टरांच्या नावावर लिहिलं, काकू. मला वाटलं फोनमधूनच आलं. पाठीमागून कानात शिरलं आणि मी गोळी फोडली.

चांगुणाबाई : बरं झालं शिरलं. पोट्टा वाचला माया. तुले वाईट वाटून राह्यलं काय?

मंजुश्री : ती नोंद खोटी आहे. सांगावं लागेल मला.

चांगुणाबाई : सांग. पण तुयी नोकरी?

मंजुश्री : बघू. आले ते.

अधिकारी : बसा, बसा. उठायची गरज नाही. डॉक्टरसाहेबांशी सविस्तर बोलणं झालं. तुमचा तो अर्ज जरा परत घ्या, मॅडम.

मंजुश्री : सर, मला माझ्या जबाबात दुरुस्ती करायची आहे. ते हाव डॉक्टरांचं नव्हतं. फोन आधीच बंद पडला होता.

अधिकारी : असं कसं? डॉक्टरांना आता स्पष्ट आठवतंय. त्यांनी होकार दिला होता.

मंजुश्री : तक्रारीत त्यांनी लेखी नाही म्हटलंय.

अधिकारी : ते कामाच्या ताणात. आता त्यांचं म्हणणं असं, की दोन वर्षं या भागात सेवा केल्यामुळे नकळत स्थानिक बोलीत होकार गेला असावा. तसं पत्र पाठवतायत. तक्रार मागे घेतलीय.

मंजुश्री : पण सर, तो शब्द या काकूंचा होता.

अधिकारी : मॅडम, आपल्या तोंडून कोणता शब्द गेला हे डॉक्टरांना जास्त कळेल की तुम्हाला? ते म्हणतात त्यांचा, म्हणजे त्यांचा. त्यावर वेगळं मत देणं तुमच्या कक्षेत नाही.

चांगुणाबाई : घ्या. माया तोंडातला शब्द पण नेला पुणेवाल्यानं.

अधिकारी : बाई, तुमचा अंगठा इथे.

चांगुणाबाई : सही येते मले. कशावर करू?

अधिकारी : "होकार प्राप्त झाल्याचे ऐकले." एवढंच वाक्य आहे.

चांगुणाबाई : कोणाचा होकार थे लिहिलंच नाही.

अधिकारी : ते लिहिण्याची पद्धत नाही.

चांगुणाबाई : मंग करते. हे खरंच हाय.

मंजुश्री : आणि माझा करार, सर?

अधिकारी : माझ्या अहवालात प्रतिकूल काही नसेल. मात्र एक लेखी समज देतोय. यापुढे नोंदवहीत होकार प्रमाण भाषेत नोंदवावा. हो किंवा होय.

मंजुश्री : बरं.

अधिकारी : आणि ही खालची ओळ भरायची राहिलीय. "अशी परिस्थिती पुन्हा उद्भवल्यास कर्मचारी काय करेल?" काय लिहू?

मंजुश्री : लिहा. डॉक्टरांना फोन लावीन.

अधिकारी : छान. आणि फोन नाही लागला तर?

चांगुणाबाई : मी बसते ना तिच्या बाजूले.