रबराच्या रांगांतला चकवा

ऐका रे. आधी तो कंदील इकडे सरकवा.

सगुण गवस डॉक्टरकडून निघाला तेव्हा अंधार पडला होता. खिशात दम्याचा पंप. घरी त्याची केसर, शाळकरी पोर, उशीला टेकून श्वास ओढत बसलेली. डोंगर उतरला की घर. वाट पायाखालची.

पायाखालची होती म्हणा! पूर्वी तिथे राई होती. ढोलीच्या बेहड्याला डावीकडे, वाकड्या किंजळाला उजवीकडे. माणसं झाडांवरून वाट ओळखायची. ती राई तोडून रबर लावायचं सगुणानेच गावाच्या गळी उतरवलं. कागदावर हिरवं ते हिरवंच राहिलं, बेडूक मात्र गेले. बेडकांना कागद वाचता येत नाही, त्याला सगुण काय करणार?

चालला, चालला. रबर. पुन्हा रबर. सगळी झाडं एका मापाची, प्रत्येकाच्या पोटाला चिकाची वाटी. धक्का लागून एक वाटी उपडी झाली. पुढे गेला, तर समोर तीच उपडी वाटी! चकवा, दुसरं काय!

मग वर धनेशाच्या पंखांची घरघर. अरे, धनेश रात्री उडतो का? आणि बसणार कुठे? त्याच्या ढोलीचा बेहडा सगुणानेच पाडलेला.

मग कानाशीच, "बाबा, दम लागला." केसर! सगुण धावला. आवाज मागे. वळला. आवाज पुढे.

शांते, कान झाकू नकोस. कानांचीच गोष्ट आहे.

त्याचा बाप सांगायचा, "चकवा लागला की खाली बस. चकवा तुला बोलावतो. बेडूक काही तुला बोलावत नाही. जो बोलावत नाही, त्याच्याकडे जा."

सगुण बसला. बेडूक नाही. रातकिडा नाही. काहीच नाही! "देवा, एक तरी ठेवायचास रे!" म्हणून रडला. देवाने ठेवले होते हो.

आणि खालून, अगदी बारीक, टॉक... टॉक. देवाच्या पाषाणामागे राईचा तुकडा उरला होता, त्यातल्या ओहोळावरून. सकाळी तोही पाडायला जेसीबी यायचा होता.

मागे केसर हाका मारतेय, "बाबा, जाऊ नको!" आणि सगुण तिच्याकडे पाठ करून रांगतोय. ओहोळ लागला. ओहोळाने घर दाखवलं. पोरीचे ओठ निळे पडलेले. पंप दिला. श्वास परतला, जेमतेम.

सकाळी सगुण जेसीबीपुढे उभा. चालक म्हणाला, "मालक, तुम्हीच बोलावलंत ना?"

"होय. आता जा."

तर पोरांनो, रबरातून रात्री जाऊ नका. आता गप्प बसा जरा. येतोय आवाज? टॉक... टॉक. तो कानावर आहे तोवर घर गाठा.