भार्गवशेटांनी डाख लावलेला गडू

मंडळी, मला एक सांगा — आजाऱ्याच्या उशाशी बसून हसणं, हे पाप की पुण्य? बघा, लगेच माना खाली! मनात म्हणालात ना, "बुवा, हे काय भलतंच!" मग ऐका.

तांबट आळीत भार्गवशेट नावाचे गृहस्थ. काशीहून गंगा आणायची, तांब्याच्या गडूत भरायची आणि तोंडाला वितळलेल्या कथलाचा डाख लावून तो पक्का बंद करायचा, तर भार्गवशेटांकडूनच! थेंब झिरपला तर मिशी उतरवीन म्हणायचे. असे हे शेट अंथरुणाला खिळले. ताप उतरला, पण छातीत कफ दाटला. घशात घरघर — खोकवेना! वैद्यबुवांनी काढा दिला, शेक सांगितला आणि उंबऱ्यात हळूच म्हणाले, "कफ सुटला तर ठीक. नाहीतर..."

झालं! घर कुजबुजायला लागलं. बायको द्वारकाबाई तोंडाला पदर लावून बसली. बघायला येणारा प्रत्येक जण — हो, तुमच्यासारखाच! — सुस्कारा टाकून म्हणे, "आमच्या काकांचं अगदी अस्संच झालं होतं." अरे, पण काका कुठायत आता? शेट पडल्या पडल्या सगळं ऐकतायत! आपला कारभार आटोपला, हे त्यांनीही धरून घेतलं. काढा गिळेनात.

एका दुपारी श्वास फारच अडकला. डोळे पांढरे! द्वारकाबाई किंचाळली, "मुकुंदा, गंगेचा गडू काढ रे!" मुलानं देव्हाऱ्यातला गडू आणला. पण डाख कुणाचा? भार्गवशेटांचा! नखानं निघेना, पकडीनं निघेना. सुरी घातली — सुरीचं टोक मोडलं! इकडे बापाचे ओठ निळे पडतायत, तिकडे मुलगा गडूशी झटतोय.

"उघड ना रे! तोंडात गंगा न पडताच जातील ते!"

"आई, निघत नाही गं!"

रडत रडत त्यानं हातोडी हाणली. गडू टण्णकन उडाला, घरभर गडगडत सुटला! मागे मुकुंदा, समोरून किंकाळी ऐकून धावत आलेले वैद्यबुवा — दोघांची डोकी आपटली, आणि वैद्यबुवा बसले थेट काढ्याच्या पातेल्यात! गडूला पोचा आला, डाख जागच्या जागी!

शेटची छाती हलायला लागली. द्वारकाबाईला वाटलं, गेले! तिनं हंबरडा फोडला. आणि शेट — अहो, हसत होते! आतल्या आत, गदगदून! हसता हसता ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला, आणि दाटलेला कफ सुटला! श्वास घेतला आणि पहिलं काय बोलले?

"गाढवा, माझा डाख आहे तो. विस्तवाशिवाय सुटायचा नाही!"

आता घरी जाऊन औषधं फेकू नका हं! काढा शेटनी पुढे घेतलाच. पण घेऊ लागले ते हसल्यावर. छाती मोकळी झाली, आणि जगावंसं वाटलं.

मंडळी, तुमच्याही घरी कुणी पडून असेल. तुम्ही आत जाता, तेव्हा ते माणूस आधी तुमचं तोंड बघतं. आपण अजून आहोत की संपलो, हे त्यावरून ठरवतं. आज इथून काय तोंड घेऊन घरी जाणार आहात?