अमेरिकेच्या अध्यक्षाचं पान

चहा गार होऊ देऊ नका राव, पण आमच्या डिंगोरे गावात अमेरिकेच्या अध्यक्षाला पान कसं वाढलं, ते ऐका.

धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. ह्या भाद्रपदात घरी आला, तवा एका चित्राची मोठी फ्रेम घिऊन आला. तिथल्या कुठल्याशा सरकारी घुमटात आतून काढलेलं चित्र व्हतं ते. आई चष्मा लावून त्याच्यापुढं बसली.

"त्रिशूळ हाय. महादेव का रं?"

"न्हाई आई, रोमन लोकांचा समुद्राचा देव. ही टोप घातलेली त्यांची विद्येची देवी."

"आन मधी कोट घालून बसलाय, त्यो कंचा देव?"

"त्यो माणूस हाय. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष. गेल्यावर त्याला देवांत बसवलाय."

आईला ते लगेच पटलं. आमच्यातबी माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवत्यात. तिनं पुढं इचारलं, "पोरंबाळं काय करत्यात त्याची?"

"त्याला मूलबाळ नव्हतं."

"मग पित्रांत त्याला जेवाय कोण घालतं?"

"तिकडं पित्रं घालत न्हाईत, आई."

सर्वपित्रीला आईनं गच्चीवर आज्याच्या पानाशेजारी आणखी एक पान मांडलं. आज्याच्या पानाकडं कावळा दरसालासारखा फिरकंना. अध्यक्षाच्या पानावर मातर ठेवल्या ठेवल्या दोन येऊन बसले. भावानं फोटोसाठी मोबाईल काढला, तसा आईनं त्याचा हात धरला.

"जेवू दे त्याला. कधीचा उपाशी असंल."