मायचा अंगठा

हसू नका, माझ्या घरचीच गोष्ट आहे. आधी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, तिच्यात कागद टाकला की मत झालं. मग कागदावर चिन्हापुढे शिक्का मारायची पद्धत आली. मी पातूरला मास्तर, मतमोजणीला अकोल्यात होतो. एका मतपत्रिकेवर शिक्क्याऐवजी अंगठा उमटलेला, त्यात आडवा विळ्याचा व्रण. माझ्या मायचाच! "बाद," साहेब म्हणाले. मीच तो कागद बाजूला टाकला. मागोमाग तसेच अंगठे येत राहिले.

घरी माय म्हणाली, "शिक्का त कोनीबी मारते. म्हनून वस्तीतल्या साऱ्या बायांले म्या अंगठाच द्याले लावला. मोजले ना बाप्पा?"

"मोजले, माय."

"मंग आपला मानूस काहून पडला?"