ढेरपोट्याची वाट

— बुंधा वाजवू नका हो ताई, वाजवून काय नवं कळणार आहे? पोकळ आवाज येतो, माहीत आहे मला. म्हातारी माणसंही पोकळच वाजतात, म्हणून काय लगेच — बसा जरा. चढ आहे, मलाही धाप लागते आताशा. कार्यालयानं झाड तपासायला पाठवलंय, तर तुम्ही तपासणारच, तपासा. ढेरपोट्या म्हणतो आम्ही याला. असं रांजणासारखं पोट घेऊन उघड्या खडकावर उभं राहणारं झाड या बेटाबाहेर कुठं नाही म्हणतात. बाकीची होती, ती शेळ्यांनी रोपं असतानाच खाल्ली. उरलं हे एक. म्हणून तर माणसं बोटीनं येतात — येतात, पोटाला मिठी मारतात, फोटो काढतात, जातात. मिठी नसती तर कोण येतंय या दगडावर, ओकाऱ्या काढत? पण मिठी मारायची तर बुंध्याशी उभं राहावं लागतं, आणि मुळं इथंच, बोटभर मातीखाली — तुमच्या आधीच्या साहेबांनीच सांगितलं. तुडवून तुडवून फरशी झाली मातीची. दोन वर्षं वाट बंद करा म्हणाले, सुधारेल.

सुधारेलही. मी कुठं नाही म्हणतो? पण वाट बंद म्हणजे पाहुणे बंद, पाहुणे बंद म्हणजे बोट बंद — आमच्या चार घरांसाठी कोण डिझेल जाळतंय? आणि बोट बंद म्हणजे… काही नाही. किराणा अडतो, दुसरं काय. — नाही, खरंच दुसरं काही नाही. बरं, बायको जाते ना माझी पलीकडे, आठवड्यातून दोनदा, डायलिसिसला. तिकडंच खोली घ्या, सगळेच सांगतात, घेतली होती. महिनाभरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली, जेवेना, बोलेना — आणली परत. झाडाला आहेत हो दोन वर्षं. तिला —

त्या अंगाची हिरवी फांदी पाहिलीत ना? तेवढी अहवालात लिहा म्हणजे झालं. नका लिहू हवं तर, मी कोण सांगणारा. चला, उतरा, बोटवाला थांबत नाही. ती धक्क्यावर बसली असेल, निळी पिशवी घेऊन. बोट लागते तिला, तुमच्या शेजारी बसवा. झाड कसं आहे म्हणून हटकून विचारेल. बरं आहे म्हणा. खरं कळलं ना, तर तीच म्हणेल, करा बंद वाट — इतकी वर्षं ओळखतो मी तिला. म्हणून म्हणतो — नको, काहीच म्हणू नका. जा तुम्ही.