दारातून दिसलेलं अस्वल

आजी : सत्त्याण्णव नव्हे, अठ्ठ्याण्णव. त्याच वर्षी तुमचं थिएटर बंद पडलं आणि तिथे शेवटचा लागलेला सिनेमा हाच, नावाडी अस्वलाचा. आता त्याचा दुसरा भाग आलाय. लेकीने तिकिटं काढून ठेवलीत, नात बूट घालून केव्हाची उंबऱ्यावर बसलीय, आणि तुम्ही अजून बनियनवर.

आजोबा : तुम्ही दोघी जा.

नात : आईने तिघांची काढलीयत.

आजोबा : तिसऱ्या खुर्चीवर पिशव्या ठेवा.

आजी : नाही जायचं तर कारण सांगा. गुडघा सांगू नका, सकाळी दोनदा गच्चीवर जाऊन आलात.

आजोबा : दुसरा भाग म्हणजे काय असतं ते मला विचार. एवढी वर्षं दारावर उभा होतो. उकळलेल्या पत्तीत पुन्हा पाणी. पहिल्याला गर्दी झाली की काढतात. पहिला आठवडा लोक नाव बघून येतात, दुसऱ्या आठवड्यात हॉलमध्ये मी आणि पंखे.

आजी : तुम्ही कुठला सिनेमा पाहिलाय धड? ऐक गं चिमे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, तुझी चैन आहे, नवरा डोअरकीपर, रोज फुकट सिनेमा. होताही फुकट. पण शेवट आला की माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. दार उघडायला पळाले. बरं, ती नोकरी होती. सुट्टीत दुसऱ्या थिएटरात गेलो तरी तेच. शेवट जवळ आला की उठायचे आणि परक्याच्या दाराशी जाऊन उभे. एकदा तिथल्या माणसाने यांना सांगितलं, काका, बाथरूम पलीकडे आहे.

आजोबा : दिवे लागायच्या आत दारं उघडी लागतात. नाहीतर पोरं चेंगरतात.

आजी : तुमची दारं बंद होऊन पाव शतक झालं.

नात : पण आजोबा, तुम्हाला नावाडी अस्वल आवडायचं ना? आई म्हणते, तुम्ही त्याच्यासारखं गुरगुरून दाखवायचात.

आजोबा : आवडायचं. म्हणूनच म्हणतो, ते अस्वलच नाही तर बघायचं काय?

नात : आहे की. पोस्टरवर आहे.

आजोबा : दुसरं असेल. भाऊबिऊ.

नात : नाही, तेच. कानाचा तुकडा गेलेलं.

आजोबा : मग भिंतीवरचा फोटो असेल. बाळा, गेलेलं माणूस परत आणून दाखवत नाहीत. दाखवू नये.

आजी : थांबा. कोण गेलं?

आजोबा : जाऊ दे. पोरीसमोर नको.

आजी : कोण गेलं म्हणालात?

आजोबा : अगं, अस्वल. पुरात. पाणमांजराच्या पिल्लाला तराफ्यावर ढकललं आणि दोर तुटला. आधी डोकं खाली गेलं, मग एक पंजा तेवढा वर. तेवढं दिसलं की मला दाराकडे जावं लागायचं.

आजी : आणि?

आजोबा : आणि काय? मी दारं उघडली की पोरं डोळे पुसत बाहेर, मागून त्यांच्या आयाही डोळे पुसत. रोज, प्रत्येक खेळाला. माणसाने समजायचं काय?

नात : आजोबा, ते वर येतं.

आजोबा : कोण?

नात : अस्वल. दोर दातात धरून. पुढच्या वळणावर. सगळे मिळून त्याला ओढून काढतात. सगळे त्यानेच रडतात. मी पाच वेळा रडलेय.

आजी : अहो, घरात दोन माणसं होती तो सिनेमा पाठ असलेली. एका शब्दाने विचारता आलं नाही?

आजोबा : तू आणि लेक, दोघीही रडतच बाहेर आलात. विचारू कुठल्या तोंडाने?

आजी : म्हणजे त्या वाढदिवसाला लेकीने खेळण्यातलं अस्वल मागितलं होतं आणि तुम्ही बदक आणलंत, ते...

आजोबा : म्हटलं, पोरीला पुन्हा आठवण नको.

आजी : आणि माझ्या बहिणीने दिलेली ती चादर? अस्वलांची? टोचते म्हणून परत केलीत, ती? त्यावरून ती माझ्याशी वर्षभर नीट बोलली नाही.

आजोबा : टोचतही होती थोडी.

आजी : काय करू मी या माणसाचं. शर्ट घाला.

आजोबा : दोर दातात धरून?

आजी : शर्ट.

(थिएटरमध्ये. पडद्यावर संध्याकाळची नदी. तिघे कुजबुजत.)

आजोबा : म्हातारं झालंय गं.

आजी : तुम्ही नाही झालात? हळू बोला.

आजोबा : त्याला नीट दिसत नाहीये. बघ, नाव काठाला घासली. आणि कोणाला सांगत नाहीये.

नात : पाणमांजराला कळलंय.

आजोबा : कधीचं कळलंय. तेही बोलत नाही. काय सुंदर केलंय हे. पहिल्यात एवढं खोल नव्हतं.

आजी : पहिला पाहिलात कुठे तुम्ही. आणि ती उकळलेली पत्ती कुठे गेली?

आजोबा : गप्प बस, ऐकू येत नाही.

आजी : आता मीच गप्प बसायचं. बरं.

नात : आजी, संपत आला वाटतं.

आजी : आला ना. आता बघ, हे उठतील. बघ, पाय सरळ केले. अहो, कुठे निघालात?

आजोबा : जरा दाराशी...

आजी : दाराशी बाई आहे बॅटरी घेऊन. तिला त्याचा पगार मिळतो. एकदा माझ्या शेजारी बसून शेवट बघा. साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही, एवढंच मागत आले.

आजोबा : दिवे लागायच्या आत...

नात : आजोबा, बघा ना. पाणमांजर वल्हं मागतंय.

आजोबा : देणार नाही ते. सगळा जन्म उभ्याने नाव चालवलीय त्याने. त्याला बसता येत नाही, पोरी.

नात : काय म्हणालं पाणमांजर? मला ऐकू नाही आलं.

आजी : ‘आज तू बस,’ म्हणालं.

नात : बसलं. आजी, अस्वल बसलं. आजोबापण बसले.

आजी : दिसलं मला. लग्न झाल्यापासून मी सांगतेय, बसा. ऐकलं ते पाणमांजराचं.

आजोबा : रुमाल आहे का?

आजी : एकच आहे आणि तो मला लागतोय. बाही वापरा.

दारावरची : चला, दार उघडलंय. पायऱ्या जपून.

नात : थांबा ना, आजोबा. नावं येतात त्याच्या बाजूला चित्रं आहेत. पुढे कोणाचं काय झालं ते.

आजोबा : हेही असतं?

आजी : तुम्ही उठून गेल्यावर पुष्कळ काही असतं.

नात : बगळा मास्तर झाला. दोन्ही बेडकांचं जमलं नाही, पण दुकान एकच आहे. पाणमांजराने नावेला निळा रंग दिला. आणि अस्वल रोज पलीकडे जातं आणि परत येतं. काम काही नाही. नुसतं बसून.

आजोबा : आमच्या थिएटरच्या माणसांचं असं कोणी दाखवलं नाही.

आजी : मी सांगते की. तुमचा मशीनवाला गेला. झोपेत गेला, बायको म्हणाली, शेवटपर्यंत त्याला कानात मशीनची घरघर ऐकू यायची. तिकीटखिडकीवालीने शिवणाचं दुकान टाकलं. तोंड तिखट होतं, म्हणून चालणार नाही म्हणायचात, अजून चालतंय. मालकाने हॉलचं गोदाम केलं, मग तेही विकून मुलाकडे राहायला गेला. तिथे त्याचं कोणी ऐकत नाही म्हणे. आणि डोअरकीपर...

आजोबा : त्याचं काय?

आजी : बसलाय एकदाचा.

दारावरची : आजोबा, सावकाश उठा, घाई नाही. इतकं मनाला लावून घेऊ नका. रोज प्रत्येक खेळाला सगळे असेच डोळे पुसत बाहेर येतात. मी दारावर असते, मला बघायला मिळत नाही. जातं ना शेवटी ते अस्वल?

आजी : आता तुम्हीच सांगा हिला.

आजोबा : नाही बाई. जात नाही. बसतं.