घडीची लेन्स

— छे हो काकू, दुखत नाही अजिबात, कुणी घाबरवलं तुम्हाला? थेंब घालून डोळा बधिर करतात, तांदळाच्या दाण्याएवढी चीर देतात न् घडी केलेली लेन्स आत सरकवतात. मऊ असते — आत गेली की आपली आपण उलगडते. टाकासुद्धा नाही. मी शिवणकाम करते ना, मला त्याचंच नवल. माझा हा डावा, दहा दिवस झाले. वय? एक्केचाळीस. हो, लवकरच झाला मोतीबिंदू — मार बसला की होतो म्हणे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय लागलं होतं? म्हटलं, कपाटाचं दार. आता दाराला काही पट्ट्याचं बक्कल नसतं — जाऊ द्या.

तर दोन वर्षं डावीकडे नुसतं धुकं. नवऱ्याला ते पक्कं ठाऊक, म्हणून डावीकडूनच यायचा. हात दिसायचाच नाही, एकदम कानशिलात आग. ऑपरेशन त्याला सांगितलंच नाही मी. बहिणीकडे राहून केलं, घरी आल्यावर म्हटलं, डोळे आलेत, म्हणून काळा चष्मा. काल दुपारी इस्त्री करत होते, चष्मा काढलेला. तो आला — डावीकडूनच — हातात माझीच कापडाची कात्री. आणि मला दिसलं, काकू. मनगटावरची शीर न् शीर. वळले न् इस्त्री फिरवली. कोळशाची, चांगली पाच किलोची — निखारे उडाले, त्याच्या शर्टाने पेट घेतला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, महिनाभर जड उचलू नका — म्हणून तर आलेय, लेन्स हलली असेल का? सकाळपासून ठणकतोय.

मेला नाही. जबडा मोडलाय, छाती भाजलीय. पोलिसांना मी सांगितलं, जीव वाचवायला एकच फटका मारला. शेजारचेही तेच म्हणाले. त्यांनी काय पाहिलं? — फटके तीन होते. पहिल्यालाच कात्री सुटली होती त्याच्या हातातून. भिंतीशी बसून हात जोडत होता, तेही दिसत होतं मला, स्वच्छ. पुढचे दोन मी बघून मारले. दुसऱ्याला वाटलं, बास. तरी तिसरा —

अंग का चोरताय? तुम्हाला काय करणार आहे मी... तुमचाच नंबर पुकारला बघा. जा. आणि काकू, आपलं काही बोलणं झालेलं नाही.